शहाऐंशी डॉलरचे स्वप्न

कार्तिक शुद्ध प्रतिपदेला, म्हणजे आपल्या दिवाळीच्या पाडव्याला, 'द्यूतप्रतिपदा' असेही एक जुने नाव आहे. या दिवशी शंकर-पार्वतीने फासे टाकले आणि भोलेनाथ हरले, अशी कथा सांगतात. देवाचे निमित्त माणसाला पुरते. ओवाळणी आटोपली, फराळाच्या बशा उचलल्या गेल्या, की सतरंजी अंथरली जाते आणि कोठून तरी पत्त्यांचा जोड बाहेर येतो. मुले बदामसात मांडतात, थोरांचा मेंढीकोट किंवा रमी रंगते, आणि रात्र चढू लागली की एखादे मामा हळूच तीन पत्तीचा विषय काढतात. मग घरातील आजीबाई आपला कायदा जाहीर करतात : "खेळा खुशाल, पण पैसे लावायचे नाहीत. चिंचोके घ्या."

त्या चिंचोक्यांच्या डावात एखादा भाचा असा निघतो की, हूल देण्यात त्याचा हात कोणी धरू नये. हातात दुर्री, पंजी, सत्ती असली फुटकळ पाने असताना तो असा काही निर्विकार बसतो की, राजा-राणीवाले मुकाट्याने पाने टाकून मोकळे होतात. "अरे, तू लास वेगासला जायला हवास!" असे कोणीतरी म्हणते. सगळे हसतात. भाचाही हसतो; पण रात्री अंथरुणावर पडल्यावर ते वाक्य त्याच्या कानात घोळत राहते.

वाचकहो, ते वाक्य वाटते तितके वेडगळ नाही. एखादा कारकून कितीही चांगला क्रिकेट खेळत असला, तरी पैसे भरून त्याला वानखेडेवर कसोटी सामन्यात उतरता येणार नाही. गल्लीतला बुद्धिबळपटू फी भरून जगज्जेत्यासमोर बसू शकणार नाही. आणि बसलाच, तरी शंभरांपैकी शंभर डाव हरेल. पण पोकर नावाच्या पत्त्यांच्या खेळाची जी जागतिक स्पर्धा अमेरिकेतील लास वेगास शहरी दरवर्षी भरते, तिच्या मुख्य डावाचे दार कोणालाही उघडे आहे. फी भरा आणि जगज्जेत्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसा. शिवाय तुम्ही जिंकालही! ही दुसरी शक्यताच साऱ्या स्वप्नाचे मूळ आहे. हे दार कसे उघडले आणि त्यातून आत गेलेल्यांचे काय झाले, याची हकीकत मोठी उद्बोधक आहे.

*

पोकरचा जन्म एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीचा, मिसिसिपी नदीच्या मुखाकडील न्यू ऑर्लिन्सच्या परिसरातला. नदीवर धावणाऱ्या आगबोटींतून तो वर वर पसरत गेला. त्याच्या प्रारंभीच्या लौकिकात प्रतिष्ठेचा अंश नव्हता. १८४३ साली जोनाथन ग्रीन नावाच्या एका पश्चात्तापदग्ध जुगाऱ्याने लबाडीच्या खेळांचा भांडाफोड करणारे पुस्तक लिहिले, त्यात पोकरचे वर्णन सापडते.

या खेळाचा आज सर्वत्र चालणारा प्रकार 'टेक्सास होल्डेम' या नावाने ओळखला जातो. तो समजायला फार वेळ लागत नाही. प्रत्येकाला दोन पाने पालथी मिळतात. मग टेबलाच्या मध्यभागी पाच पाने उताणी मांडली जातात : प्रथम तीन, मग एक, मग शेवटचे एक. ही पाच सर्वांच्या सामाईक मालकीची. आपली दोन आणि ही पाच, अशा सातांतून ज्याची पाच सर्वांत भारी, तो जिंकला. प्रत्येक टप्प्यावर पण लावायचा, वाढवायचा किंवा पाने टाकून द्यायची. मुख्य डावात पणाला मर्यादा नसते. कोणत्याही क्षणी माणूस समोरच्या साऱ्या चकत्या पुढे लोटू शकतो. बाकीच्यांनी पाने टाकली, तर तुमच्या हातात काय होते हे कोणी विचारीत नाही.

म्हणजे यात पानांचे नशीब आहे, हिशेब आहे आणि समोरच्या माणसाचे मन वाचणेही आहे. वर्षानुवर्षे खेळत राहिले तर हिशेब आणि मन वाचण्याची कला नशिबावर मात करतात. म्हणून तर या खेळावर पोट भरणारे धंदेवाईक असू शकतात. पण एका रात्रीत, एका डावात, नशीब कोणाचेही पारडे जड करू शकते. शौकीन माणसाला आत शिरायला जी फट मिळते, ती हीच.

*

१९४६ साली टेक्सासमधील डल्लस शहरातून बेनी बिनियन नावाचा एक गृहस्थ लास वेगासला आला. 'गृहस्थ' हा शब्द मी सवयीने वापरला. त्याच्या पूर्वचरित्रात माणसे मारल्याच्या नोंदी होत्या, आणि पुढे करचुकवेगिरीसाठी त्याने तुरुंगही भोगला. १९५१ साली त्याने फ्रीमाँट स्ट्रीटवर 'हॉर्सशू' हा जुगारखाना उघडला. लोकांच्या मनातले ओळखण्यात त्याचा हातखंडा होता. दहा हजार डॉलरच्या शंभर नोटा, म्हणजे पुरते दहा लाख डॉलर, घोड्याच्या नालेच्या आकाराच्या चौकटीत मांडून त्याने त्या काचेआड ठेवल्या होत्या. लोक येत, त्या नोटांपुढे उभे राहून फोटो काढून घेत. स्वप्न पाहण्याची ती फुकट सोय होती.

१९७० साली त्याने देशातील नामांकित पोकरपटूंना आपल्याकडे बोलावले. मूठभर माणसे जमली, कित्येक दिवस खेळली, आणि शेवटी श्रेष्ठ कोण हे मतदानाने ठरले. असे सांगतात की, पहिल्या फेरीत प्रत्येकाने स्वतःलाच मत दिले; तेव्हा 'दुसरा श्रेष्ठ कोण?' असे विचारावे लागले. जॉनी मॉस हा वृद्ध टेक्सासकर निवडून आला. पुढील वर्षापासून मतदान बंद झाले : ज्याच्या चकत्या संपल्या तो बाहेर, आणि शेवटी उरेल तो विजेता. १९७२ साली प्रवेशमूल्य दहा हजार डॉलर ठरले. नवल असे की, त्यानंतर जगात सर्व वस्तूंचे भाव वाढले, हे मात्र आजही दहा हजारच आहे. त्या वर्षी खेळाडू होते अवघे आठ. १९७३ साली तेरा झाले. त्या वर्षीच्या एका मुलाखतीत बिनियनने उद्या हा आकडा पन्नासावर जाईल अशी आशा बोलून दाखवली.

दहा हजार डॉलर ही त्या काळी लहानसहान रक्कम नव्हती. दार उघडे होते, पण उंबरठा कमरेइतका उंच होता. त्याला पायऱ्या बांधण्याची युक्ती सुचली स्पर्धेच्या व्यवस्थापकाला, एरिक ड्राक याला. सत्तरीच्या दशकाच्या उत्तरार्धातील गोष्ट. एका टेबलावर दहा जण खेळत होते आणि प्रत्येकापुढे हजारेक डॉलरच्या चकत्या होत्या. ड्राकच्या मनात आले : दहा जणांचे मिळून दहा हजार होतात. यांनी सारे पैसे एकत्र करावेत, एकच उरेपर्यंत खेळावे, आणि जो उरेल त्याला मुख्य स्पर्धेत जागा मिळावी. या उपस्पर्धेला 'सॅटेलाइट' म्हणू लागले. कल्पना इतकी सोपी की, आधी कोणाला सुचली नाही याचेच आश्चर्य वाटावे. आपल्याकडील भिशीचीच ही बहीण. फरक एवढाच की, भिशीत आज ना उद्या प्रत्येकाची पाळी येते, येथे नऊ जणांची कधीच येत नाही.

१९७९ साली चोपन्न खेळाडू बसले. बिनियनची आशा फळली होती. त्या वर्षी सारे जाणते थक्क झाले, कारण कॅलिफोर्नियाचा हॅल फाउलर, ज्याला कोणी धंदेवाईक म्हटले नसते, तो जिंकला. अखेरच्या डावात प्रतिस्पर्धी बॉबी हॉफकडे दोन एक्के होते, म्हणजे पालथ्या पानांतली सर्वांत भारी जोडी. फाउलरकडे होती सत्ती आणि छक्की. मध्ये तिर्री आणि पंजी आली, आणि मग नेमकी चव्वी! तिर्रीपासून सत्तीपर्यंत सलग पाच पाने जमली आणि एक्के फुकट गेले. दोन लाख सत्तर हजार डॉलर घेऊन फाउलर घरी गेला. पुन्हा या स्पर्धेत त्याचे नाव असे गाजले नाही. धंदेवाईकांनी त्याला नशिबाचा लाडका ठरवून टाकले. पण शौकिनांना जे कळायचे ते कळले होते.

*

यानंतरचे एक उदाहरण लेखकमंडळींना विशेष सुखावणारे आहे. २००० साली 'हार्पर्स' या अमेरिकन मासिकाने शिकागोच्या जेम्स मॅकमॅनस या कवी-कादंबरीकार प्राध्यापकाला लास वेगासला धाडले. कामगिरी दुहेरी होती : पोकरमध्ये स्त्रिया किती पुढे आल्या हे पाहणे, आणि बेनी बिनियनचा मुलगा टेड याच्या खुनाचा खटला चालू होता त्याचा वृत्तांत लिहिणे. मॅकमॅनसने मासिकाने दिलेली आगाऊ रक्कम उपस्पर्धेत लावली! संपादकांनी हे वाचून मनात धडकी भरवून घेऊ नये, तो जिंकला. मग मुख्य स्पर्धेत, पाचशे बारा खेळाडूंत, दिवसामागून दिवस तग धरून तो अंतिम टेबलाशी जाऊन बसला. त्याने या खेळाचे धडे ज्या पुस्तकातून गिरवले होते, त्याचा एक लेखक टी. जे. क्लूटिए त्याच टेबलावर समोर बसलेला. मॅकमॅनस पाचवा आला आणि त्याला २,४७,७६० डॉलर मिळाले. लेखाचे मानधन वेगळेच. २००३ साली या अनुभवावरचे त्याचे पुस्तक निघाले, आणि त्याच वर्षी त्याच्याही कथेवर मात करणारी कथा घडली.

टेनेसी राज्यात ख्रिस मनीमेकर नावाचा सत्तावीस वर्षांचा हिशेबनीस होता. 'पैसे करणारा' असा अर्थ होणारे हे आडनाव कोणी कादंबरीत घातले असते, तर समीक्षकांनी त्याला हसून वाटेला लावले असते. पण ते त्याचे खरे आडनाव. पगार बेताचा, डोक्यावर थोडे कर्ज, आणि रात्री संगणकावर पोकर खेळण्याचा नाद. एवढ्यात पोकर इंटरनेटवर आले होते आणि ड्राकच्या पायऱ्या तेथेही बांधल्या गेल्या होत्या. मनीमेकरने ८६ डॉलर भरून एका उपस्पर्धेत भाग घेतला. ती जिंकून तो वरच्या उपस्पर्धेत गेला. तेथे पहिल्या तिघांना लास वेगासचे प्रवेशपत्र आणि चौथ्याला रोख आठ हजार डॉलर मिळणार होते. आता गंमत पाहा. या गृहस्थाला हवा होता चौथा क्रमांक! आठ हजारांत देणी भागली असती. दहा हजारांचे प्रवेशपत्र काही सावकाराला देता येत नाही. मुद्दाम चौथा येण्याचा बेत त्याने मनाशी केला होता, एका मित्राने त्याला परावृत्त केले, असे त्याने स्वतः सांगितले आहे. मग स्पर्धेतल्या आपल्या संभाव्य कमाईचे काही हिस्से त्याने वडील आणि मित्र यांना विकले आणि तो निघाला. समोर माणसे बसलेली आहेत अशी ही त्याची पहिलीच स्पर्धा!

त्या वर्षी ८३९ खेळाडू होते. बक्षिसे पहिल्या ६३ जणांना. संगणकावर चेहरा लपवावा लागत नाही. येथे त्याने डोळ्यांना गडद चष्मा लावला आणि टोपी पुढे ओढली. १९८७ आणि १९८८ असा लागोपाठ दोनदा जिंकलेला जॉनी चॅन त्याच्याच हातून बाद झाला. नऊ जणांच्या अंतिम टेबलाला एकच पायरी उरली असताना त्याची गाठ फिल आयव्हीशी पडली. मनीमेकरकडे एक्का-राणी, आयव्हीकडे दोन नव्व्या. मध्ये प्रथम दोन राण्या आणि छक्की आली. मनीमेकर आनंदला. मग आली नव्वी, आणि आयव्हीचे पारडे एकदम जड झाले. आता मनीमेकरला वाचवू शकतील अशी पाने जोडात मोजकीच होती. शेवटचे पान उलगडले : एक्का.

शेवटी दोघे उरले. समोर सॅम फारहा : बैरूतमध्ये जन्मलेला, उंची पोशाखातला, ओठांत न पेटवलेली सिगारेट धरून बसणारा मुरब्बी धंदेवाईक. पहिले बक्षीस पंचवीस लाख डॉलर, दुसरे तेरा लाख. शौकिनाने रक्कम सारखी वाटून घेऊ असे सुचवले. धंदेवाईकाला ते पटले नाही. सौदा फिसकटला.

मग तो डाव आला, ज्याची चर्चा पोकरवाले अजून करतात. मनीमेकरकडे इस्पिकचा राजा आणि बदाम सत्ती. मध्ये नव्वी, दुर्री, छक्की, अठ्ठी आणि तिर्री; म्हणजे त्याच्याजवळ काहीच जमले नव्हते. फारहाकडे नव्व्यांची जोडी होती. मनीमेकरने साऱ्या चकत्या पुढे लोटल्या. फारहा बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिला. आपल्याला शंका येते आहे हे त्याने बोलूनही दाखवले. आणि त्याने पाने टाकली! चिंचोक्यांच्या डावातल्या आपल्या भाच्याने दिली असती तीच ही हूल. फक्त तिच्यावर टांगलेली रक्कम निराळी. त्यानंतर थोड्याच वेळात पंजी-चव्वीच्या जोरावर, मधल्या पानांत एक चव्वी आणि दोन पंज्या येऊन, मनीमेकरने शेवटचा डाव जिंकला. ८६ डॉलरचे पंचवीस लाख झाले.

ही हूल जगाला कळली ती मात्र एका वेगळ्याच माणसामुळे. हेन्री ओरेनस्टाइन हा पोलंडमध्ये जन्मलेला ज्यू, नाझींच्या छळछावण्यांतून वाचून अमेरिकेत आला आणि खेळणी बनवून श्रीमंत झाला. खेळाडूंची पालथी पाने टेबलाच्या कडेच्या कॅमेऱ्यातून प्रेक्षकांना दिसावीत, ही युक्ती त्याने शोधली होती. त्यापूर्वी दूरदर्शनवर पोकर पाहणे म्हणजे नुसते चेहरे पाहणे. आता घरबसल्या बायकामुलांना दिसले की, हिशेबनिसाच्या हातात काही नाही आणि तरी धंदेवाईक घाबरतो आहे. वर्षभर हा कार्यक्रम पुन:पुन्हा दाखवला गेला. हजारो घरांतील हजारो माणसांच्या मनात एकच वाक्य उमटले : 'हा करू शकतो, तर मी का नाही?'

*

उत्तर पुढील वर्षांनी दिले. २००४ साली २,५७६ खेळाडू आले. जिंकला ग्रेग रेमर हा वकील, तोही इंटरनेटच्या पायऱ्या चढून आलेला. २००५ साली ५,६१९. विजेता ऑस्ट्रेलियाचा जो हाशेम, पूर्वाश्रमीचा हाडे-सांधे बसवणारा वैद्य. २००६ साली ८,७७३. २०२३ साली दहा हजारांचा आकडा ओलांडून १०,०४३ झाले, आणि २०२४ साली १०,११२. ज्या स्पर्धेत एके काळी आठ माणसे होती, ती आता दालनामागून दालने व्यापते. मॅकमॅनस ज्यांची प्रगती पाहायला गेला होता त्या स्त्रियांची वाट मात्र लांबली. १९९५ साली बार्बरा एनराइट अंतिम टेबलावर पोहोचून पाचवी आली. तिच्यानंतर तेथे दुसरी स्त्री, स्पेनची लेओ मार्गेट्स, बसली ती थेट २०२५ साली.

आता हिशेबनिसाच्या कथेचा हिशेबही करावयास हवा. २००३ साली ८३९ पैकी ७७६ जण रिकाम्या हाताने परतले. त्यांपैकी एकाचेही नाव वर्तमानपत्रांत आले नाही. आणि इंटरनेटच्या पायऱ्यांवरून जे पहिल्याच पावलाला घसरले, ते तर या ७७६ मध्येही नाहीत. मनीमेकरला जे पंचवीस लाख मिळाले, ते आकाशातून पडले नव्हते. दुसऱ्यांच्या स्वप्नांच्याच त्या वर्गण्या होत्या. १५ एप्रिल २०११ रोजी अमेरिकन सरकारने देशातील बड्या पोकर-संकेतस्थळांवर टाच आणली, तेव्हा त्यांतील एकाने खेळाडूंच्या ठेवी परस्पर खर्चून टाकल्याचे उघड झाले. त्या ठेवी परत मिळण्यासाठी लोकांना वर्षानुवर्षे थांबावे लागले. आपल्याकडेही ही लाट आली. गोव्यात मांडवीवरच्या बोटींत पोकरची टेबले लागली, मोबाईलवर तर घरोघर. अखेर २०२५ च्या ऑगस्टमध्ये आपल्या संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला.

आणि जिंकलेल्यांचे काय? मुख्य स्पर्धा १९८०, १९८१ आणि १९९७ अशी तीनदा जिंकणारा स्टू उंगर हा पत्त्यांतला अलौकिक बुद्धीचा माणूस होता. १९९८ च्या नोव्हेंबरात लास वेगासमधील एका साध्या मोटेलच्या खोलीत तो मृतावस्थेत सापडला. वय पंचेचाळीस. व्यसनांनी शरीर आणि जुगाराने पैसा खाल्ला होता. ज्याला पोकर कोणापेक्षाही अधिक कळत होते, त्याला थांबणे कळले नव्हते.

*

शौकीन आणि धंदेवाईक यांची ही गाठ आपल्याला नवी नाही. सभापर्वातला युधिष्ठिर हा आपल्या वाङ्मयातला थोर शौकीन : द्यूताची आवड दांडगी, कौशल्य मात्र नाही, हे शकुनीनेच दुर्योधनाला सांगितले आहे. त्याचा खरा दोष फासे वाईट पडले हा नव्हे. एकेक पण हरत गेल्यावरही तो उठला नाही, हा आहे. वनात बृहदश्व ऋषींनी त्याला नलाची कथा सांगितली. नलही असाच सर्वस्व हरला. पण पुढे ऋतुपर्णाकडून अक्षविद्या शिकला आणि मगच पुन्हा पटाशी बसला. आपल्या पूर्वजांनी शौकिनाचे स्वप्न पाहण्याला मनाई केलेली नाही. आधी विद्या शीक, आणि काय पणाला लावू नये ते ठरवून बस, एवढेच त्यांचे सांगणे.

मला वाटते, मनीमेकरच्या गोष्टीतले पंचवीस लाख विसरून जावेत आणि ८६ लक्षात ठेवावेत. ते ८६ गेले असते, तर तो दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखा कचेरीत जाऊन बसला असता. माणसाला मोठ्यांच्या पंगतीत एकदा बसून पाहावेसे वाटते, आपले पाणी जोखावेसे वाटते. यात लाज वाटण्यासारखे काही नाही. त्या दारावर जगज्जेत्याला आणि कारकुनाला सारख्याच चकत्या मिळतात, ही मोहिनी खरी आहे. पण त्या दारामागे बसलेल्या दुकानदाराला तुमच्या स्वप्नाचा भाव तुमच्याहून अधिक चांगला ठाऊक असतो. त्याने काचेआड दहा लाख डॉलर उगाच मांडून ठेवले नव्हते.

म्हणून यंदाच्या पाडव्याला सतरंजी अंथरली जाईल, पाने पिसली जातील आणि भाचा पुन्हा एकदा काही हातात नसताना सर्वांना घाबरवील, तेव्हा त्याचे खुशाल कौतुक करावे. त्याला मनीमेकरची गोष्ट सांगावी, आणि ती सांगून झाल्यावर उंगरचीही सांगावी. मग आजीबाई आतून चिंचोक्यांचा डबा आणतील. डबा रिकामा झाला की डाव संपला, असा त्यांच्या घरचा नियम आहे.